सहा कोपऱ्यांचा नट गोल कुणी केला?

प्रति,
रॉकस्टार गेम्स आणि तिची मालक कंपनी टेक-टू इंटरॅक्टिव्ह,
मुक्काम न्यूयॉर्क

कारभारी मंडळींनो,

तुमचा गुन्हा आधी सांगतो, म्हणजे पत्र कशासाठी आलंय याबद्दल शंका राहायला नको. २००१, २००२ आणि २००४ साली तुम्ही तीन गेम काढलेत: 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३', 'व्हाइस सिटी' आणि 'सॅन आंद्रेस'. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेच तीन गेम 'द ट्रिलॉजी: द डेफिनिटिव्ह एडिशन' या नावानं एकत्र बांधून नव्या यंत्रांसाठी विकायला ठेवलेत. ते काम नासवलंत. आणि नासलेला माल मांडायच्या महिनाभर आधी मूळ तिन्ही गेम दुकानांतून उचलून नेलेत. नासवणं एक वेळ पोटात घालता येईल. उचलून नेणं नाही.

न्यूयॉर्कच्या कंपनीला कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून पत्र कसं, असा प्रश्न तुमच्याकडं कुणाला पडला तर त्याचं उत्तर इथल्या गल्ल्यांत आहे. व्हाइस सिटी निघाली त्यानंतरची सात-आठ वर्षं उभा मारुती चौकापासून खरी कॉर्नरपर्यंत जिथं जिथं तासावर कॉम्प्युटर मिळायचा, तिथं तिथं तुमचं ते समुद्रकाठचं शहर उघडलेलं असायचं. इंटरनेटसाठी म्हणून घेतलेला तास इंटरनेटला लागायचाच नाही. वह्यांच्या शेवटच्या पानावर गणिताच्या सूत्रांऐवजी 'पँझर', 'ॲस्पिरिन', 'लीव्हमीअलोन' लिहिलेलं असायचं आणि ते पाठांतर आजही चाळिशीकडं झुकलेल्या माणसांना झोपेतून उठवून विचारलं तरी बरोबर येतं. इमारतीचं बांधकाम चालू आहे, खेळण्यातल्या हेलिकॉप्टरनं चार बॉम्ब मजल्यामजल्यावर नेऊन ठेवायचे, ते तुमचं मिशन आठवतं? त्या मिशननं या पेठेत जेवढ्या पोरांचे पैसे खाल्ले तेवढे कुठल्या जत्रेतल्या पाळण्यानं खाल्ले नसतील. खुर्चीवर एक आणि मागं चौघं उभे. "आरं बॉम्ब उचल की, टाइम संपालाय!" एवढं एकच वाक्य चार आवाजांत. त्यात २००५ नंतरचं ते भारनियमन. मिशन अर्ध्यावर असताना लाइट गेली की सेव्ह न केलेला सगळा डाव पाण्यात, आणि कॅफेवाला पैसे परत देत नसे.

पुढं प्लेस्टेशन २ चे पार्लर आले. तिथं फुटबॉलचे गेम जास्त चालायचे, कारण ही पेठ फुटबॉलची. शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा तालीम यांच्या सामन्यावरून घरात दोन भावांत अबोला धरला जातो ती ही जागा. पण त्या फुटबॉलच्या गर्दीतही एक टीव्ही सॅन आंद्रेससाठी कायम राखलेला असायचा. पीएस-२ वर जगात सगळ्यांत जास्त खपलेला गेम तोच, हे तुमच्या हिशेबाच्या वह्यांत असेलच. तो खप कशामुळं झाला हे मात्र तुम्ही विसरलात, म्हणून आठवण करून देतो.

सॅन आंद्रेसचा नकाशा साधारण सहा किलोमीटर लांब आणि सहा किलोमीटर रुंद. एवढ्या जागेत तीन शहरं, वाळवंट, जंगल आणि चिलियाड नावाचा डोंगर बसवलेला. आमच्या पेठेतून जोतिबाच्या डोंगराकडं सरळ रेघ मारली तर ती यापेक्षा कितीतरी लांब भरेल. तरीही खेळताना पोरांना वाटायचं की आपण एक आख्खं राज्य पालथं घालतोय. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं म्हणजे प्रवासाला निघाल्यासारखं गाडी नीट बघून घ्यायची. ही किमया धुक्याची होती. पीएस-२ ची मुख्य मेमरी अवघी ३२ एमबी. दूरचं सगळं एकदम दाखवायची ताकद त्या यंत्रात नव्हती, म्हणून तुमच्याच कारागिरांनी दूरचं धुक्यात, धुरकट नारिंगी हवेत झाकलं, रस्त्यांना वळणं दिली, मधे टेकड्या उभ्या केल्या. यंत्राची गरिबी होती, तिच्यातून त्यांनी लांबी निर्माण केली. त्यातल्या लॉस सँतोस शहराची ती तांबूस, उन्हानं मळलेली हवा हीच त्या शहराची ओळख झाली.

२०२१ च्या संचात ती हवा गेली. नव्या यंत्रांना लांबचं दाखवता येतं, म्हणून लांबचं दाखवलं. चिलियाडच्या माथ्यावर उभं राहिलं की आख्खं राज्य एका नजरेत मावू लागलं. एका शहरातून दुसऱ्या शहराच्या इमारती दिसू लागल्या. ज्या वळणांनी पोरांना वर्षानुवर्षं फसवलं होतं आणि ज्या फसवणुकीवर त्यांनी जीव लावला होता, ती वळणं आता उघडी पडली. हे करताना एकानंही विचारलं नाही का, की हे धुकं इथं का आहे? वीस वर्षांपूर्वी तुमच्याच पगारावर असलेल्या माणसांनी ते का घातलं असेल? आता पाऊस. नव्या संचातला पाऊस म्हणजे पडद्यावर जाड पांढऱ्या रेघा, त्यातून रस्ता दिसत नाही. पाण्यावर मात्र तोच पाऊस गायब. कोल्हापूरकरांना पाऊस कसा दिसतो हे सांगावं लागत नाही. जून ते सप्टेंबर आम्ही दुसरं काही बघत नाही.

आणि तो नट. सॅन आंद्रेसमध्ये एक डोनटचं दुकान आहे, 'टफ नट डोनट्स'. त्याच्या पाटीवर डोनटच्या जागी षटकोनी लोखंडी नट काढलेला. बनवणाऱ्यानं गंमत म्हणून केलेली, दोन सेकंदात कळणारी गोष्ट. तुमच्या संचात जुनी चित्रं मोठी आणि गुळगुळीत करायचं काम मशीनवर सोपवलेलं होतं. मशीनला कोपरे दिसले, मशीननं ते घासले, नट गोल झाला. दुकानांच्या पाट्यांवरच्या अक्षरांचंही तेच. जी नीट वाचता येत होती तीही चुकीच्या स्पेलिंगनं परत लिहिली गेली. शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम शिकायला आलेल्या सोळा वर्षांच्या पोराला विचारा, नटाला किती कोपरे असतात, आणि कोपरे नसतील तर पाना कशाला लावायचा. अब्जावधी डॉलरच्या कंपनीत हा प्रश्न विचारणारा एक माणूस नव्हता. किंवा होता आणि त्याला कुणी विचारलं नाही. दुसरं जास्त खरं असावं.

गुजरीत आजीचा कोल्हापुरी साज उजळायला दिला आणि सोनारानं तो असा घासून परत दिला की मासा कुठला, कासव कुठलं, चंद्र कुठला हे ओळखू येईना, वर त्यानं मजुरी नव्या दागिन्याची लावली, तर त्या सोनाराच्या दुकानापुढं दुसऱ्या दिवशी कोण उभं राहील? तुम्ही या कामाची किंमत लावलीत ६० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं साडेचार हजार रुपयांच्या आसपास. नव्या कोऱ्या गेमची असते ती.

माणसांचे चेहरेही असेच. जुन्या टीव्हीवर, त्या गुबगुबीत काचेच्या पडद्यावर, थोड्याशा रेषांत काढलेले चेहरे पुरे वाटायचे. उरलेलं बघणाऱ्याचं मन भरून घ्यायचं. तुम्ही कातडी चकचकीत केलीत आणि आतला सांगाडा, हालचाली वीस वर्षांपूर्वीच्याच ठेवल्यात. यावर जगभर जे हसं झालं ते तुम्ही बघितलं आहे, मी त्यात भर घालत नाही.

मला राग येतो तो दुसऱ्याच एका गोष्टीचा, आणि तिची चर्चा कमी झाली. मूळ सॅन आंद्रेसमध्ये दुसरा कंट्रोलर जोडून दोघांना एकत्र फिरता यायचं. छोटीशी सोय. ठरावीक ठिकाणी जायचं, दुसरा गडी पडद्यावर उतरायचा, दोघं एकमेकांपासून फार लांब जाऊ शकायचे नाहीत. पार्लरमध्ये एका तासाचे पैसे दोघांत वाटून घेणाऱ्या पोरांसाठी ती सोय म्हणजे काय होती, हे तुम्हाला कळायचं नाही. तुमच्या आज विकल्या जाणाऱ्या संचात ती नाही. काढून टाकली. मूळ वस्तूत असलेला एक भाग नव्या, महागड्या वस्तूत नाही, आणि नाव मात्र असं की यापुढं दुसरी आवृत्ती बघायची गरजच नाही.

गाणीही तशीच गेली. व्हाइस सिटीत सुरुवातीला पहिल्यांदा गाडीत बसलं की फ्लॅश एफएमवर मायकेल जॅक्सनचं 'बिली जीन' लागायचं. इंग्रजीचा गंध नसलेल्या पोरांनी मायकेल जॅक्सनचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो तिथं. त्या गाण्यांचे हक्क ठरावीक मुदतीसाठी घेतलेले होते, मुदत संपली, २०१२ मध्ये ती गाणी डिजिटल आवृत्तीतून निघाली, २०१४ मध्ये सॅन आंद्रेसमधली काही निघाली आणि नव्या संचात ती परत आलीच नाहीत. हक्क परत घ्यायला पैसे पडतात हे मान्य. पण १९८६ सालातलं शहर म्हणून जे तुम्ही उभं केलंत, ते निम्मं रेडिओवर उभं होतं. तुम्हाला हे आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण ती गाणी तुम्हीच निवडली होतीत आणि फार सुंदर निवडली होतीत.

आता मूळ मुद्दा.

कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० साली सुरू झालेलं. एखाद्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, तिच्यात प्रकाशकानं चार प्रकरणं गाळली, चित्रं बिघडवली, तरी तो प्रकाशक ग्रंथालयात येऊन कपाटातली जुनी आवृत्ती उचलून नेत नाही. भारतात १९५४ चा कायदा आहे, छापलेल्या पुस्तकाची प्रत ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवावी लागते. म्हणजे प्रकाशक उद्या बुडाला तरी पुस्तक उरतं. तुमच्या धंद्यात असं काहीच नाही. दुकान तुमचं, कपाट तुमचं, किल्ली तुमची. ८ ऑक्टोबर २०२१ ला तुम्ही संचाची घोषणा केलीत आणि आठवडाभरात जुने तिन्ही गेम पीसी आणि कन्सोलच्या डिजिटल दुकानांतून काढलेत. ज्यांनी आधी घेतले होते त्यांच्याकडं राहिले. ज्याला नव्यानं घ्यायचे होते त्याला दार बंद. पीएस-२ चीच आवृत्ती पीएस-४ वर चालेल अशी तुम्ही २०१५ मध्ये दिलेली होती, तीही गेली. जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवायचं धाडस तुमच्यात नव्हतं. ठेवलं असतं तर गिऱ्हाईकानं काय उचललं असतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. संच घाईत बिघडला असं तुम्ही म्हणू शकाल. पण जुन्या गेमना दुकानातून हलवायचा निर्णय घाईचा नव्हता. तो विचार करून घेतलेला होता.

आमच्या गावाला या गोष्टीचं दुःख जरा जुनं आहे. बाबूराव पेंटर यांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, स्वतः कॅमेरा बनवला आणि १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट केला. पुढं १९३६ मध्ये त्यांनीच तो बोलपट म्हणून पुन्हा केला. मूळ मूकपट आज नाही. सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या शेतकऱ्याची ती पहिली गोष्ट पडद्यावर कशी दिसत होती, तरुण व्ही. शांताराम त्यात कसा उभा राहिला, हे या गावातला कुणी माणूस आता बघू शकत नाही. सेल्युलॉइड जळतं, सडतं, जपायला तेव्हा कुणी नव्हतं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात झालं ते १९६४ ला. बाबूरावांनी दुसरा सिनेमा खपवण्यासाठी पहिला गाडला नव्हता. काळानं नेला. तुमच्या फाइलींना ना वाळवी लागत, ना आग. त्या तुमच्याच सर्व्हरवर धडधाकट पडलेल्या असताना तुम्ही त्या लोकांपासून लपवल्यात.

एवढ्यावर तुम्ही थांबला असतात तर मी हे पत्र इतकं लांबवलं नसतं. पण जे जपत होते त्यांच्यामागंही तुम्ही लागलात. काही हौशी प्रोग्रामरनी जीटीए ३ आणि व्हाइस सिटीचा कोड उलटा उकलून पुन्हा लिहिला. कित्येक महिन्यांचं काम, फुकट. जुने दोष काढले, रुंद पडद्यावर नीट चालवलं, तुम्ही कधी विचारही केला नाही अशा यंत्रांवर नेलं. आणि अट अशी की मूळ गेमच्या फाइली तुमच्याकडं असतील तरच ते चालणार. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक तोडणारं काही त्यात नव्हतं. उलट जुना गेम विकत घ्यायला कारण होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये तुम्ही ते काम खाली उतरवायला लावलंत. त्यांनी हरकत घेऊन ते परत चढवलं, तर सप्टेंबरात कॅलिफोर्नियाच्या कोर्टात दावा ठोकलात. महिन्याभरानं संचाची घोषणा. त्याच वर्षी जुन्या गेमसाठी लोकांनी बनवलेली मॉडंही तुम्ही उतरवत सुटला होतात. भारतात व्हाइस सिटी वर्षानुवर्षं जिवंत राहिली ती या मॉडवाल्यांच्या जीवावर. 'जीटीए पंजाब' नावाची सीडी या देशात ज्यानं बघितली नाही असा त्या वयाचा मुलगा शोधावा लागेल. तुम्ही न दिलेले रस्ते, न दिलेल्या गाड्या, न दिलेले कपडे इथल्या पोरांनी घरच्या कॉम्प्युटरवर बसून त्यात घातले, कारण त्यांना तुमच्या शहरात आपलं गाव बघायचं होतं. यापेक्षा मोठा मान कुठल्या कलाकृतीला मिळतो?

तुम्ही म्हणाल, कोल्हापूरच्या पोरांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये, त्या कॅफेतल्या सीड्या चोरीच्या होत्या. होत्या. इथं अधिकृत यंत्राची किंमत काय असायची तेही ऐका. सेगानं १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीबरोबर भारतात मेगा ड्राइव्ह आणलं तेव्हा त्याची किंमत होती १८,००० रुपये. कित्येक घरांत तेवढा पगार सहा महिन्यांतही येत नव्हता. म्हणून इथं सगळं उशिरा, नकली, आडवाटेनं आलं. त्या वाटेनं आलेली पोरं आज पुण्यात, बंगळुरात, दुबईत कमावतात आणि गेम विकत घेतात. तुमचा संच कुणाच्या खिशासाठी होता? याच माणसांच्या. त्यांच्या आठवणीवरच तर तुम्ही ६० डॉलरचं लेबल लावलंत.

आणि चोरीच्या प्रतींबद्दल तुम्ही फार वरच्या आवाजात बोलू नये. २०१० मध्ये स्टीम या ऑनलाइन दुकानात तुमचा 'मॅक्स पेन २' पैसे घेऊन विकला जात होता. लोकांनी त्याची फाइल उघडून बघितली तर आत 'मिथ' या चाच्यांच्या टोळीची खूण. तुमच्या मालकीच्या गेमची, तुमच्या नावानं विकली जाणारी प्रत चोरांनी कुलूप तोडलेल्या फाइलीतून आलेली होती. जपणूक कोण करत होतं, याचा पुरावा तुम्ही स्वतःच विकलात.

मग ११ नोव्हेंबर २०२१. संच आला आणि पीसीवरचा लगेच गायबही झाला, कारण त्यात चुकून राहिलेल्या फाइली होत्या; ज्यांनी पैसे भरले होते त्यांनाही काही दिवस तो खेळता येईना. खेळणाऱ्यांनी मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर पीसी आवृत्तीला दहापैकी एकापेक्षाही कमी गुण दिले. आठवड्यानं तुमचं माफीपत्र आलं: आमच्या दर्जाला साजेसं काम झालं नाही. पीसीचे जुने गेम आम्ही आमच्या स्टोअरवर परत ठेवू. कन्सोलवाल्यांच्या नावानं एक ओळ नाही. पुढं तुमचे प्रमुख स्ट्रॉस झेलनिक यांनी मुलाखतीत सांगितलं की सुरुवातीला एक ग्लिच होता, तो दूर झाला, आणि धंदा उत्तम झाला. एक ग्लिच! झेलनिकसाहेब, संचाची नीट दुरुस्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये पोहोचली. तीन वर्षांनी. जुन्या प्रकाशाची, जुन्या हवेची सोय तेव्हा कुठं कन्सोलवर परत आली. म्हणजे ते धुकं हवं होतं, हे तुम्हालाही शेवटी पटलं.

त्या दुरुस्तीबरोबर आणखी एक गोष्ट झाली, ती मला अजिबात आवडली नाही. संचाचं मूळ काम ज्यांनी केलं त्या फ्लोरिडातल्या ग्रोव्ह स्ट्रीट गेम्स या कंपनीचं चिन्ह सुरुवातीच्या पडद्यावरून काढलं गेलं. त्यांचं काम वाईट होतं, हे मी वर सविस्तर लिहिलं आहे. पण लहान कंपनीला एकाच वेळी तीन प्रचंड गेम, तेही प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच आणि पीसी या सगळ्यांवर, एकाच तारखेला द्यायला लावलं कुणी? तारीख कुणी ठरवली? माल तपासून 'चालेल' असं कुणी म्हटलं? काम बिघडलं तेव्हा त्यांचं नाव पुढं होतं. सुधारलं तेव्हा नाव पुसलं. आमच्याकडं तालमीत हरलेल्या पैलवानाला वस्ताद असं वागवत नाही. आणि तुमच्या बाबतीत हरलेला वस्तादच होता.

हे काम चांगलं करता येतच नाही, असं म्हणायची सोय तुम्हाला नाही. २०२२ मध्ये डिजिटल एक्लिप्स या कंपनीनं अटारीच्या ५० वर्षांचा संच काढला. शंभराहून जास्त गेम, मूळचे जसेच्या तसे. सोबत कालक्रम, बनवणाऱ्यांच्या मुलाखती, जुनी कागदपत्रं, जाहिराती. ज्यांना नवं हवं त्यांच्यासाठी काही गेम नव्यानं केलेले, पण शेजारी, वेगळे. मूळ वस्तूला कुणी हात लावला नाही. तुमच्या एका गेमच्या जाहिरातीवर जेवढा खर्च होतो तेवढ्यात असे कित्येक संच निघतील.

मी हे एवढं का लावून धरतोय, याचं एक कारण आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये मोजून सांगितलं की २०१० पूर्वी तिथं निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. तुमचे तिन्ही गेम उरलेल्या १३ टक्क्यांतले, सगळ्यांत लाडके, सगळ्यांत श्रीमंत. त्यांची ही गत होत असेल तर बाकीच्यांना वाली कोण? २००९ मध्ये पीएस-२ वर 'हनुमान: बॉय वॉरियर' आला, हैदराबादमध्ये बनलेला. त्याच वर्षी 'देसी अड्डा' आला, त्यात कबड्डी होती, विटीदांडू होता, पतंग होते. विटीदांडू खेळायला कंट्रोलर हातात घेणं ही गोष्ट आमच्या पोरांना तेव्हा विचित्र वाटली होती, पण आपल्या गल्लीतलं काहीतरी त्या यंत्रात आलंय याचा आनंदही होता. ते गेम फार चांगले नव्हते. तरी ते आपले पहिले होते, आणि ते त्या चकत्यांबरोबरच संपत चालले आहेत. त्यांचा संच काढायला न्यूयॉर्कहून कुणी येणार नाही. ते आपल्यालाच बघावं लागेल. पण तुमच्यासारख्या मोठ्यानं असा पायंडा पाडला की लहानांनी जपायचं कुणाकडं बघून?

मागण्या चार आहेत, त्यातली एकही अवघड नाही. एक, जीटीए ३, व्हाइस सिटी आणि सॅन आंद्रेस हे मूळ रूपात सगळ्या चालू कन्सोलवर विकायला ठेवा, संचाच्या शेजारी, वेगळ्या आणि स्वस्त किमतीत. कुठला घ्यायचा ते गिऱ्हाईक ठरवेल. दोन, सॅन आंद्रेसमध्ये दोघांनी खेळायची सोय परत द्या. तीन, मूळ गेम विकत घेतलेल्या माणसाला तो आपल्या हातानं दुरुस्त करायचा, बदलायचा हक्क आहे असं लिहून द्या आणि तो वापरणाऱ्यांवर दावे लावणं बंद करा. चार, ग्रोव्ह स्ट्रीटवाल्यांचं नाव सुरुवातीच्या पडद्यावर होतं तिथं परत लावा.

गाण्यांचं मी मागणीत घातलं नाही, कारण तिथं हक्क दुसऱ्यांचे आहेत. पण 'बिली जीन'साठी एकदा फोन करून विचारा. नाही म्हणाले तर तसं आम्हाला कळवा, आम्ही समजून घेऊ.

उत्तराची वाट बघणारा,
तुमचं जुनं गिऱ्हाईक
शिवाजी पेठ, कोल्हापूर